राखेचा हिशेब

पाचशे मेगावॉट क्षमतेचा एक औष्णिक वीजसंच पूर्ण भाराने चोवीस तास चालला, तर तो १ कोटी २० लाख युनिट वीज निर्माण करतो आणि एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कोळसा लागतो असे धरले, तर त्या एका दिवसात सुमारे ८,४०० टन कोळसा जळतो. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण बहुधा ३० ते ४५ टक्क्यांच्या दरम्यान असते. ते ३५ टक्के मानले तरी २,९०० टनांहून अधिक राख रोज मागे उरते, म्हणजे दहा टनी ट्रकच्या जवळजवळ तीनशे खेपा भरतील एवढी. वीज तयार होताच तारांवरून निघून जाते, तिची साठवण करावी लागत नाही. राख मात्र तिथेच राहते आणि उद्या पुन्हा तेवढीच येते. मोठा उद्योग आपला पर्यावरणीय भार कसा सांभाळतो, हे समजून घेण्यासाठी औष्णिक वीज केंद्रासारखे दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे, कारण घन, द्रव आणि वायू या तिन्ही रूपांतील टाकाऊ द्रव्ये एकाच कुंपणाच्या आत निर्माण होतात आणि त्या तिन्हींच्या वाट्याला आलेली वागणूक एकसारखी नाही.

या राखेचे दोन प्रकार असतात. बाष्पकात, म्हणजे बॉयलरमध्ये, कोळशाची पिठासारखी पूड फवारून जाळली जाते. त्यातील जडसर कण तळाशी पडतात आणि त्यांना तळराख म्हणतात, तर बाकीची, ढोबळमानाने ८० टक्के राख इतकी बारीक असते की ती गरम वायूंबरोबर वर उठून धुराड्याच्या दिशेने निघते. हीच फ्लाय ॲश किंवा उडती राख. तिला अडवण्यासाठी बॉयलर आणि धुराडे यांच्यामध्ये इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर नावाची यंत्रणा बसवलेली असते आणि वीज केंद्रात सर्वजण तिला नुसते ‘ईएसपी’ म्हणतात. एखाद्या बहुमजली इमारतीएवढ्या या पेटीत लोखंडी पत्र्यांच्या ओळी टांगलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये हजारो व्होल्ट दाबाचा विद्युतभार दिलेल्या तारा असतात. धूर त्यांतून जाताना राखेच्या कणांवर विद्युतभार चढतो, ते पत्र्यांना जाऊन चिकटतात आणि ठरावीक वेळाने पत्र्यांवर हातोड्यांचे ठोके पडले की राखेचा थर खालच्या नरसाळ्यांत, म्हणजे हॉपरमध्ये गळून पडतो.

ईएसपीची कार्यक्षमता टक्क्यांत सांगितली जाते आणि ती ऐकताना दशांश चिन्हापुढच्या अंकाकडे दुर्लक्ष होते. वरच्या उदाहरणातील संचातून दिवसाला सुमारे २,३५० टन उडती राख निघत असेल, तर ९९.९ टक्के कार्यक्षमतेच्या यंत्रणेतून सुमारे अडीच टन राख हवेत जाईल; तीच कार्यक्षमता ९९ टक्क्यांवर घसरली, तर साडेतेवीस टन जाईल. कागदावर एका टक्क्याहूनही कमी दिसणारा फरक गावाच्या दृष्टीने दहापट असतो. पत्र्यांची एखादी ओळ बंद पडली आणि वीजमागणीच्या दिवसांत संच थांबवून दुरुस्ती करण्यास कोणी तयार नसले, तर हा फरक आठवडेच्या आठवडे चालू राहू शकतो. यात एक विचित्र योगायोगही आहे. भारतीय कोळशात गंधक कमी, साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते आणि ही जमेची बाजू मानली जाते. परंतु धुरातील गंधकाची संयुगे राखेच्या कणांना विद्युतभार वाहून नेण्यास मदत करत असल्यामुळे, गंधक कमी असलेल्या कोळशाची राख पत्र्यांवर पकडणे अधिक अवघड जाते, आणि म्हणून काही केंद्रांत धुरात अमोनियासारखी द्रव्ये मुद्दाम मिसळावी लागतात.

अडवलेल्या राखेचे पुढे काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर अनेक दशके एकच होते: तिच्यात भरपूर पाणी मिसळायचे, तयार झालेला पातळ गारा नळांतून काही किलोमीटर अंतरावर न्यायचा आणि मातीचे बांध घालून अडवलेल्या विस्तीर्ण जागेत सोडून द्यायचा. विदर्भात या जागेला ‘ॲश बंड’ किंवा राख बंधारा म्हणतात. ही पद्धत अभियांत्रिकीच्या दृष्टीने सोपी आणि हिशेबाच्या दृष्टीने स्वस्त होती, परंतु तिचे स्वस्तपण दुसऱ्यांच्या पदरी खर्च टाकण्यावर उभे होते. बंधाऱ्याखाली शेकडो हेक्टर जमीन जाते. राखेतील आर्सेनिक, क्रोमियम, शिसे यांसारखे धातू पाण्याबरोबर पाझरून भूजलात जाऊ शकतात. उन्हाळ्यात वरचा थर वाळला की वाऱ्याबरोबर राख उडून शेतात, विहिरींत आणि घरांत बसते. आणि बांध कमकुवत असेल तर पावसाळ्यात तो फुटतो. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी केंद्राचा खसाळा येथील राख बंधारा फुटला, राखमिश्रित पाणी आसपासच्या शेतांत आणि नदीनाल्यांत शिरले आणि शहराला पाणी पुरवणाऱ्या कन्हान नदीपर्यंत त्याची झळ पोहोचली. त्या दिवशी बंधाऱ्याची खरी किंमत दिसली; ती कोणत्याही वीजदराच्या आकारणीत आधी धरलेली नव्हती.

कायद्याच्या बाजूने पाहिले, तर महाराष्ट्र या बाबतीत मागे नव्हता. केंद्राचा जलप्रदूषण कायदा १९७४ मध्ये आला, पण राज्याने १९६९ मध्येच स्वतःचा कायदा करून १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले होते. १९८१ मध्ये वायुप्रदूषणाचा कायदा आणि भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. या चौकटीत मोठ्या कंपनीला पायऱ्यापायऱ्यांनी परवानग्या घ्याव्या लागतात. पर्यावरणीय आघात मूल्यांकन, म्हणजे प्रकल्पामुळे हवा, पाणी, जमीन आणि लोकजीवन यांवर काय परिणाम होईल याचा आधीच केलेला अभ्यास, १९९४ च्या अधिसूचनेने ठरावीक उद्योगांना बंधनकारक झाला आणि २००६ च्या अधिसूचनेने त्याची पद्धत नव्याने ठरवली. त्यानंतर जनसुनावणी, केंद्रीय मंत्रालयाची मंजुरी, मग राज्य मंडळाकडून उभारणीसाठी एक आणि चालवण्यासाठी दुसरे संमतीपत्र, आणि उद्योग सुरू झाल्यावर दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत मागील आर्थिक वर्षाचे पर्यावरण विवरणपत्र असा हा क्रम आहे. त्या विवरणपत्रात किती पाणी व कच्चा माल वापरला, किती टाकाऊ द्रव्य निघाले आणि त्याची वासलात कशी लावली, हे लिहावे लागते.

याशिवाय बहुतेक मोठ्या कंपन्या आयएसओ १४००१ हे आंतरराष्ट्रीय मानक स्वीकारतात. हे मानक १९९६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले आणि २०१५ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. उद्दिष्ट ठरवणे, त्याप्रमाणे काम करणे, झालेले काम तपासणे आणि चूक सुधारणे या फेऱ्याला त्यात संस्थात्मक रूप दिलेले आहे. वार्षिक अहवालांच्या मुखपृष्ठांवर झळकणाऱ्या या प्रमाणपत्राचा अर्थ मात्र पुष्कळदा चुकीचा लावला जातो. कंपनीकडे नोंदी ठेवण्याची, जबाबदारी वाटून देण्याची आणि सुधारणेची पद्धत आहे, एवढेच ते प्रमाणपत्र सांगते; धुराड्यातून किती राख बाहेर पडते हे ते सांगत नाही, आणि त्यावर स्वतःची कोणतीही मर्यादाही घालत नाही. दप्तर नीटनेटके असणे आणि आकाश स्वच्छ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

राखेची गोष्ट खऱ्या अर्थाने पालटली ती १४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेनंतर. त्याआधी, १९९६-९७ मध्ये, देशातील वीज केंद्रांतून सुमारे ६ कोटी ९० लाख टन राख निघत होती आणि तिच्यापैकी जेमतेम १० टक्के उपयोगात येत होती. अधिसूचनेने वीज केंद्रांना ही राख किमान दहा वर्षे विनामूल्य देण्यास सांगितले आणि केंद्राच्या ५० किलोमीटर परिसरातील वीटभट्ट्यांना मातीत किमान २५ टक्के राख मिसळणे बंधनकारक केले. पुढे हे अंतर टप्प्याटप्प्याने वाढत ३०० किलोमीटरपर्यंत गेले. २००९ मध्ये कंपन्यांना राख विकण्याची मुभा मिळाली, मात्र येणारा पैसा स्वतंत्र खात्यात ठेवून राखेच्याच व्यवस्थेवर खर्च करण्याची अट होती. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपयांची पर्यावरणीय भरपाई लावली. २०२१-२२ मध्ये देशात सुमारे २७ कोटी टन राख निघाली आणि तिच्या जवळजवळ ९६ टक्के वापराची नोंद झाली.

पंचवीस वर्षांत दहा टक्क्यांवरून शहाण्णव टक्क्यांपर्यंत झालेल्या या प्रवासाचे श्रेय केवळ अधिसूचनांना देणे बरोबर होणार नाही. राखेला गिऱ्हाईक होते, ही त्यातील निर्णायक गोष्ट होय. उडत्या राखेत सिलिका आणि ॲल्युमिना यांचे काचेसारखे कण असतात; पाण्याच्या सान्निध्यात चुन्याशी त्यांची रासायनिक क्रिया होऊन सिमेंटसारखाच घट्ट पदार्थ तयार होतो. सिमेंटचा मुख्य घटक असलेला क्लिंकर बनवण्यासाठी चुनखडी सुमारे १,४५० अंश सेल्सिअस तापमानात भाजावी लागते आणि त्यात इंधनही जळते, शिवाय चुनखडीतील कार्बन डायऑक्साइडही मोकळा होतो. पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत राख मिसळण्यास मानकाची मान्यता असल्यामुळे सिमेंट कंपनीला तेवढा महागडा क्लिंकर वाचवता येतो, आणि वीज कंपनीच्या गळ्यातील लोढणे सिमेंट कंपनीच्या हातातील नफा बनते. अहिल्यानगर जिल्ह्यातील घाटघर जलविद्युत प्रकल्पाच्या धरणांत, जी देशातील रोलरने दाबलेल्या काँक्रीटच्या पहिल्या धरणांत गणली जातात, उडत्या राखेचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला. अशा मागणीमुळे वीज केंद्रांना आपली यंत्रणाच बदलावी लागली: पाण्यात कालवलेली राख सिमेंटच्या कामाची नसते, म्हणून ती हॉपरमधून कोरडीच हवेच्या दाबाने ओढून उंच सायलोमध्ये साठवण्याची आणि तिथून बंद टाकीच्या ट्रकमध्ये, म्हणजे बल्करमध्ये भरण्याची सोय केली गेली.

वस्तूला किंमत आली की तिच्या भोवतीचे व्यवहारही बदलतात. परळीच्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरातील राखेच्या बेकायदा उचलीचा आणि वाहतुकीचा विषय अलीकडे विधिमंडळातही गाजला. जी वस्तू एकेकाळी फुकट नेण्यासही कोणी येत नव्हते, तिच्यावरून आता भांडणे होतात, हा राखेच्या प्रतिष्ठेचा पुरावाच म्हणावा लागेल.

तरीही शहाण्णव टक्के हा आकडा सावधपणे वाचला पाहिजे. सिमेंटमध्ये यापैकी साधारण चौथा हिस्सा जातो. उरलेल्या राखेचा वापर विटा, रस्त्यांचे भराव, सखल जमिनी भरणे, बंद पडलेल्या खाणी बुजवणे आणि बंधाऱ्यांचीच उंची वाढवणे अशा अनेक कामांत मोजला जातो. सिमेंटच्या पोत्यात बांधली गेलेली राख आणि एखाद्या खोलगट जागेत ओतून वर मातीचा थर पसरलेली राख या दोन्हींची नोंद ‘उपयोग’ याच रकान्यात होते, परंतु पाण्याच्या दृष्टीने दोहोंत मोठा फरक आहे. दुसरे असे की ही टक्केवारी त्या वर्षी निघालेल्या राखेशी ताडून काढली जाते; आधीच्या दशकांत बंधाऱ्यांत साचलेली राख तिच्यात येत नाही. २०२१ च्या अधिसूचनेने या जुन्या साठ्याचीही दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने विल्हेवाट लावण्यास सांगितले आहे. पावसाळ्यात बांधकामे थांबतात, वीज केंद्र थांबत नाही. म्हणून त्या चार महिन्यांत बंधाऱ्याकडे जाणारे नळ पुन्हा भरून वाहू लागतात.

आता त्याच धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या दुसऱ्या द्रव्याकडे वळले पाहिजे. कोळशातील गंधक जळून सल्फर डायऑक्साइड वायू तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, ईएसपीत अडकत नाही आणि हवेत पसरल्यावर त्याचे सूक्ष्म सल्फेट कणांत रूपांतर होऊन ते शेकडो किलोमीटर दूर फुप्फुसांत पोहोचू शकतात. अनेक वर्षे त्यावर एकच इलाज होता, तो म्हणजे उंच धुराडे. ५०० मेगावॉट आणि त्याहून मोठ्या संचांसाठी २७५ मीटर उंचीचा दंडक होता. उंचीमुळे वायू विरळ होतो, नाहीसा होत नाही. तो आपल्या गावाऐवजी दुसऱ्यांच्या गावांवर वाटला जातो.

वायूला खरोखर अडवायचे तर धूर धुवावा लागतो. या यंत्रणेला फ्लू गॅस डिसल्फरायझेशन, संक्षेपाने एफजीडी म्हणतात. चुनखडीचा पातळ गारा धुरावर फवारला की गंधकाचा वायू त्यात शोषला जातो आणि शेवटी जिप्सम तयार होते. ७ डिसेंबर २०१५ रोजी केंद्र सरकारने पहिल्यांदा वीज केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ठरवली आणि दोन वर्षांची मुदत दिली. ती मुदत पाळली गेली नाही. मग २०२२ पर्यंत, नंतर केंद्रांचे अ, ब, क असे वर्ग पाडून आणखी पुढे, आणि पुन्हा त्याही पुढे ती ढकलली गेली. जुलै २०२५ मध्ये तर मोठी शहरे आणि प्रदूषित क्षेत्रे यांच्यापासून दूर असलेल्या क वर्गातील संचांना, म्हणजे देशातील सुमारे ७८ टक्के संचांना, धुराड्याच्या उंचीच्या अटीवर या मर्यादेतून सूटच मिळाली. या सुटीच्या समर्थनार्थ मांडलेले मुद्दे पोकळ नाहीत: कोळशात गंधक कमी आहे, बहुतेक ठिकाणी हवेतील या वायूचे प्रमाण मानकाच्या आत आहे, आणि धूर धुण्यासाठी चुनखडी खणावी लागते, वीज खर्ची पडते व त्यातून पुन्हा कार्बन डायऑक्साइडच निघतो. मात्र दहा वर्षे मुदतवाढी घेतल्यानंतर हे मुद्दे एवढे ठळक व्हावेत, आणि दूर जाऊन बनणाऱ्या सल्फेट कणांचा हिशेब त्यांत जेमतेम यावा, याकडे काणाडोळा करता येत नाही. गंधकाच्या धुराला सिमेंटवाल्यांसारखे गिऱ्हाईक कधीच मिळाले नाही. जिप्समला थोडी मागणी असली, तरी यंत्रणेचा खर्च भरून काढण्याइतकी ती नाही.

गिऱ्हाईक नसतानाही हे काम होऊ शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. चिकूच्या वाड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या डहाणू तालुक्यात बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय या कंपनीने प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच उभारले आणि ते १९९५ च्या सुमारास सुरू झाले. स्थानिक बागायतदार आणि पर्यावरण कार्यकर्ते आधीपासूनच न्यायालयात गेले होते. १९९१ मध्ये केंद्राने संपूर्ण तालुका पर्यावरणीयदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून घोषित केला आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी २०१९ मध्ये निधन होईपर्यंत त्याचे अध्यक्ष होते. प्राधिकरणाने १९९९ मध्ये एफजीडी बसवण्याचा आदेश दिला. कंपनीची मालकी बदलली, तक्रारी आणि मुदतवाढीच्या विनंत्या झाल्या, पण प्राधिकरणाने आदेश सोडून दिला नाही आणि २००७ मध्ये यंत्रणा सुरू झाली. ती समुद्राच्या पाण्यावर चालते, कारण समुद्राच्या पाण्यात नैसर्गिक क्षारता असल्यामुळे चुनखडीशिवायही गंधकाचा वायू त्यात शोषला जातो, आणि नंतर हवा मिसळून त्याचे निरुपद्रवी सल्फेट बनवून पाणी पुन्हा सोडता येते. म्हणजे २०१५ ची राष्ट्रीय मर्यादा येण्याआधी आठ वर्षे डहाणूत धूर धुतला जाऊ लागला होता. समुद्राचे पाणी सोडले, तर तिथे तंत्रज्ञान वेगळे नव्हते, कोळशाचे रसायनशास्त्रही वेगळे नव्हते. एका तालुक्यापुरती, एका केंद्राकडे बघणारी आणि विसरायला तयार नसलेली संस्था होती, एवढाच फरक होता.

पाण्याची बाजू या दोहोंच्या मधली आहे. वाफ थंड करण्यासाठी वीज केंद्राला अफाट पाणी लागते. २०१३ च्या दुष्काळात परळीचे केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले, तेव्हा पाण्याची काटकसर हा परोपकार नसून धंद्याची गरज आहे हे उघड झाले. नागपूर महापालिकेच्या भांडेवाडी येथील केंद्रात प्रक्रिया केलेले शहराचे सांडपाणी कोराडीच्या संचांना पुरवण्याची योजना याच गरजेतून आली आणि तेवढे धरणाचे पाणी पिण्यासाठी मोकळे झाले. २०१६ च्या राष्ट्रीय वीजदर धोरणाने तर सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांना असे पाणी वापरणे बंधनकारक केले. कार्बन डायऑक्साइडचे मात्र तसे नाही. कोळशापासून बनलेल्या विजेच्या प्रत्येक युनिटमागे सुमारे एक किलो इतका तो बाहेर पडतो, आणि तो अडवण्याची यंत्रणा या केंद्रांत नाही. वाफेचा दाब व तापमान वाढवून तेवढ्याच कोळशात अधिक वीज काढणारे सुपरक्रिटिकल संच बसवणे, हाच आजवरचा व्यवहार्य मार्ग ठरला आहे.

अलीकडच्या वर्षांत या सर्व आकड्यांना भागधारकांसमोरही यावे लागते. भांडवल बाजार नियंत्रक सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल सक्तीचा केला असून, त्यात पाणी, ऊर्जा, उत्सर्जन आणि टाकाऊ द्रव्ये यांची माहिती द्यावी लागते. महाराष्ट्रातील बरीच औष्णिक केंद्रे चालवणारी महानिर्मिती ही बाजारात नोंदणी नसलेली सरकारी कंपनी असल्यामुळे तिला हा नियम लागू होत नाही. परंतु पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रत्येक प्रकल्पाला अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल द्यावाच लागतो आणि २००६ च्या अधिसूचनेनुसार तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. ज्या वाचकाच्या तालुक्यात असे केंद्र असेल, त्याने तो अहवाल अवश्य मागावा, आणि वर्षभरात किती टक्के राख वापरली गेली हा रकाना वाचण्याआधी बंधाऱ्यात जुनी राख किती टन शिल्लक आहे, तो रकाना शोधावा.